रबाळ्यातला ब्लोअर पट्टे का जाळत होता?

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत लोखंडी भागांवर जस्ताचा मुलामा देणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. मुलाम्याआधी माल आम्लाच्या टाक्यांत बुडवून त्याचा गंज काढतात. टाक्यांवरची वाफ हूडमधून ओढून घ्यायची, स्क्रबरमध्ये पाण्याच्या फवाऱ्याखाली धुवायची आणि चिमणीतून वर सोडायची, हे काम शेडच्या मागे पारसिकच्या डोंगराच्या बाजूला बसवलेला एक सेंट्रिफ्यूगल ब्लोअर (हवा ओढणारा मोठा पंखा) करतो. ३० किलोवॉटची चार पोलची मोटार, १४७५ आरपीएम. मोटारीवर २५० मिमीची पुली, ब्लोअरवर ३५५ ची आणि त्यांच्यामध्ये एसपीबी २८०० मापाचे (एसपीबी हा व्ही-पट्ट्याचा प्रकार, २८०० ही मिमीत लांबी) तीन पट्टे. ब्लोअरचा शाफ्ट ६० मिमीचा. तो दोन प्लमर ब्लॉकवर (बेअरिंगच्या बैठकींवर) बसतो, आत २२२१३ ईके हे स्फेरिकल रोलर बेअरिंग अ‍ॅडॅप्टर स्लीव्हसह (बेअरिंग शाफ्टवर धरणारी निमुळती बाही).

तक्रार जुनी होती. नवे पट्टे टाकले की महिना-दीड महिन्यात कडेने झिजायचे, गार्डखाली (पट्ट्यांवरच्या संरक्षक जाळीखाली) काळी भुकटी साचायची आणि शेवटी जळक्या रबराचा वास यायचा. पुलीकडचं बेअरिंगही वर्षाच्या आत दोनदा बदललं होतं. मला बोलावलं ते मात्र तिसऱ्याच कारणाने. टाकीवर काम करणारी मुलं सांगत होती की दुपारनंतर वाफ हूडच्या बाहेर येते, डोळे चुरचुरतात. माझ्या लेखी हे सगळ्यात गंभीर होतं. पट्ट्याचा खर्च कारखाना सोसतो, आम्लाची वाफ माणसांच्या छातीत जाते.

आधी तिथे काय चाललं होतं ते सांगतो, कारण त्यात हलगर्जी कोणाचीच नव्हती. पट्टा घसरतो म्हणून ताण वाढवायचे. ताण वाढला की बेअरिंग तापायचं, मग ग्रीस मारायचे. ग्रीस जास्त झालं की ते आणखी तापायचं. काही दिवसांत पट्टे झिजून पुन्हा सैल व्हायचे, पुन्हा ताण. पट्टे बदलताना दोरा लावून लाईन, म्हणजे दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, बघितली जायची, तीही दर वेळी. तिथले सगळ्यात अनुभवी फिटर, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, त्यांनी मला पहिल्याच भेटीत ठामपणे सांगितलं, "सर, लाईन पक्की आहे. दोरा चारही ठिकाणी टेकतो. पट्टेच निकृष्ट येतात हल्ली."

मामा खोटं बोलत नव्हते. दोरा खरोखरच चारही ठिकाणी टेकत होता.

चालू असतानाची मापं

मशीन बंद करून उघडण्याआधी ती चालू असताना जे सांगते ते ऐकून घ्यावं, हा माझा आग्रह असतो. एकदा पट्टे उतरवले की अर्धा पुरावा गेला.

पहिलं माप वेगाचं. पुल्यांच्या हिशेबाने ब्लोअरचा वेग १४७५ गुणिले २५० भागिले ३५५, म्हणजे १०३९ आरपीएम यायला हवा. व्ही-पट्टा थोडा सरकतोच, त्यामुळे टक्काभर कमी चालतो. पुलीवर चमकती पट्टी चिकटवून टॅकोमीटर रोखला तर आकडा आला ९७८. जवळजवळ सहा टक्क्यांची घसरण. हवेचं प्रमाण वेगाच्या सरळ प्रमाणात बदलतं, दाब वेगाच्या वर्गाने. म्हणजे हूडवरची हवा पाच टक्क्यांच्या आसपास कमी आणि दाब दहा टक्क्यांनी कमी. हूडची ओढ जेमतेम पुरेल अशीच डिझाईन केलेली असेल तर एवढा फरक टाकीवरच्या माणसाला डोळ्यांनीच कळतो. शिवाय जी शक्ती घसरणीत जाते ती उष्णता होऊन पट्ट्यातच राहते. इथे ती एक किलोवॉटच्या घरात होती. तेवढी शेगडी गार्डच्या आत दिवसभर पेटती ठेवली तर रबर टिकणार कसं? पट्ट्याच्या आतलं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे, आणि दुपारनंतर त्रास का वाढतो याचंही उत्तर त्यातच होतं.

दुसरं माप कंपनाचं. पुलीकडच्या बेअरिंगवर आडवं ६.८, उभं ४.१ आणि शाफ्टच्या दिशेने ७.९ मिमी प्रति सेकंद. पंख्यांसाठीचं आयएसओ १४६९४ हे मानक अशा पक्क्या पायावरच्या औद्योगिक ब्लोअरला ७.१ वर धोक्याचा इशारा आणि ९.० वर बंद करण्याची मर्यादा देतं. इंपेलरचा (ब्लोअरच्या फिरत्या पात्यांच्या चाकाचा) तोल गेलेला असता तर आडवं-उभं कंपन जास्त आलं असतं. इथे शाफ्टच्या दिशेचं सगळ्यात जास्त होतं, तेही ब्लोअरच्या फेऱ्यांच्या वारंवारतेवर. हे पुलीच्या लाईनचं किंवा डुलत्या पुलीचं लक्षण. त्याखेरीज मिनिटाला ८२७ वर एक ठळक शिखर दिसत होतं. पट्ट्याचा वेग भागिले लांबी केली तर पट्टा मिनिटाला ४१४ वेळा पूर्ण फिरतो, ८२७ त्याची दुप्पट. पट्टा झिजला किंवा सैल असला की नेमकं हेच दिसतं. बेअरिंगच्या हाऊसिंगचं तापमान ८४ अंश.

तिथल्या मेंटेनन्सच्या मॅडमनी इंपेलर बॅलन्सिंगसाठी एका पार्टीला आधीच सांगून ठेवलं होतं. मी त्यांना ते थांबवायला सांगितलं. लाईन चुकलेल्या मशीनवर बॅलन्सिंग करायला गेलं तर वजनं लागत जातात आणि आकडा हलत नाही.

पाणीबंदीचा दिवस

ब्लोअर दिवसभर थांबवायचा तर टाक्या थांबवाव्या लागतात आणि त्याला उत्पादनवाले कधीच सहज तयार नसतात. संधी मिळाली ती एमआयडीसीमुळे. बारवी धरणाच्या मुख्य वाहिनीच्या दुरुस्तीसाठी चोवीस तास पाणी बंद राहणार अशी सूचना आली. पाणी नाही म्हणजे स्क्रबर नाही, स्क्रबर नाही म्हणजे टाक्या बंद. तो दिवस आम्ही घेतला. मोटारीच्या आयसोलेटरला (वीज तोडणाऱ्या स्विचला) कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. डँपर (हवेच्या वाटेतली झडप) बंद करून इंपेलरला लाकडी पाचर लावली. हा भाग बरेच जण सोडतात. वीज तोडली तरी चिमणीच्या ओढीने इंपेलर हळूहळू फिरत राहतो आणि पट्टा-पुलीच्या फटीत बोट जायला तेवढं फिरणं पुरतं.

गार्ड काढलं, आधी मोटार पुढे सरकवून ताण सोडला आणि मग पट्टे हाताने उतरवले. टॉमी (लोखंडी कांब) घालून पट्टा खेचून काढला तर आतले धागे तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

पट्टे उन्हात धरून पाहिले. तिन्हींची एकच बाजू काचेसारखी गुळगुळीत झाली होती, दुसऱ्या बाजूवर कापडाची वीण अजून शाबूत. एका पट्ट्याचा मेक वेगळा होता, मध्ये कधीतरी एकटाच बदललेला. नवा पट्टा जुन्यांपेक्षा आखूड पडतो, बहुतेक भार तो एकटाच ओढतो आणि बाकीचे नुसते फिरतात. संच बदलायचा तर पूर्णच बदलावा.

मग ब्लोअरवरच्या पुलीच्या खाचा. इथे मी मामांना जवळ बोलावलं. बॅटरी मारली तर तिन्ही खाचांचा तळ चकचकीत दिसत होता. व्ही-पट्टा खाचेच्या दोन्ही भिंतींवर पाचरीसारखा अडकून ओढतो, तळाला त्याने कधीच टेकायचं नसतं. चांगल्या पुलीच्या तळावर धूळ, गंज, कधीकधी मूळ रंगही तसाच असतो. तळ चमकतोय म्हणजे भिंती झिजून पट्टा खाली बसला आहे. असा पट्टा कितीही ताणला तरी घसरणारच, कारण पाचरच उरलेली नाही. खाचेचं गेज घालून पाहिलं. ३८ अंशांचं पान भिंतीला टेकवल्यावर मध्ये उजेड दिसत होता आणि फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) १.१ मिमीपर्यंत आत गेला. ०.८ च्या पुढे पुली बदलायची हा सर्वमान्य नियम आहे.

दोऱ्याचा उलगडा त्यानंतर झाला. मोटारीवरची पुली कॅटलॉगची होती, ब्लोअरवरची एका जवळच्या वर्कशॉपमध्ये तासून घेतलेली. व्हर्नियरने दोन्हींची कडेपासून पहिल्या खाचेच्या मध्यापर्यंतची अंतरं घेतली. मोटारीच्या पुलीवर १२.५ मिमी, एसपीबीच्या मानकात असतं तेवढंच. ब्लोअरच्या पुलीवर १८. तासणाऱ्याने खाचांमधलं अंतर बरोबर धरलं होतं, कडेला मात्र माल जास्त ठेवला होता. दोरा लावतात तो पुलीच्या तोंडाला. पट्टा चालतो तो खाचेत. तोंडं एका रेषेत आणली की खाचा ५.५ मिमीने सरकलेल्या राहत होत्या. लाईन जितकी काळजीपूर्वक साधली जाई तितकी ती नेमकी साडेपाच मिलिमीटरने चुकत होती. मामा बराच वेळ व्हर्नियर हातात धरून उभे होते, मग त्यांनी स्वतः दोन्ही मापं पुन्हा घेतली.

९२० मिमीच्या आसपासच्या मध्यांतरावर ५.५ म्हणजे एक तृतीयांश अंशाहून किंचित जास्त. व्ही-पट्ट्यांना एकूण अर्ध्या अंशापर्यंत चूक चालते असं धरतात. म्हणजे एवढ्यानेच पट्टे महिन्यात जायला नको होते. अजून काहीतरी होतं.

मोटारीचा पाय

मोटार दोन स्लाइड रेलवर (तिला पुढेमागे सरकवायच्या रुळांवर) आहे आणि प्रत्येक रेलला ताणाचा एक बोल्ट आहे. ताण देताना पुलीकडचा बोल्टच आवळायची सवय होती, कारण मागचा बोल्ट भिंतीच्या बाजूला आहे आणि तिथे पाना नीट फिरत नाही. लाईन बघायची पट्टे सैल असताना आणि मग एकाच बाजूने ताण द्यायचा. मोटार तेवढी तिरकी होते. हे पडताळायला आम्ही जुने पट्टे परत चढवले, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने मामांनाच ताण द्यायला सांगितलं आणि मग पुन्हा दोरा लावला. मोटारीच्या पुलीच्या एका कडेला दोरा टेकत होता, दुसऱ्या कडेला १.१ मिमी फट. २५० मिमी व्यासावर एवढी फट म्हणजे पाव अंश. पुली डुलत असेल तर हे माप फसवं ठरतं, म्हणून दोन्ही पुल्या अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजलं आणि सरासरी घेतली. आधीचा एक तृतीयांश आणि हा पाव मिळून ०.५९ अंश. दोन्ही चुका वेगवेगळ्या मर्यादेच्या आत, मिळून बाहेर. पट्ट्याची एकच बाजू का घासली जात होती ते इथे पुरतं स्पष्ट झालं.

ताण दिल्यानंतर लाईन पुन्हा बघणं ही माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी आहे. पट्टे चढले, ताण बसला, गार्ड लावलं की काम संपलं असं वाटतं. खरी लाईन ताणाखालचीच.

मोटारीच्या चार पायांवर एकेक करून डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावला आणि बोल्ट सैल केले. तीन पाय ठीक. मागचा, पुलीकडचा पाय ०.४२ मिमी वर उचलला गेला. ०.०५ च्या वर गेलं की आम्ही ते सोडत नाही. त्या पायाखालच्या रेलवर गंजाची पापडी धरली होती, वरून ब्लोअरच्या शाफ्ट सीलमधून आम्लाचं पाणी थेंबथेंब पडत होतं. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला आम्ल, लोखंड तिथे किती दिवस तग धरणार? बोल्ट आवळला की मोटारीची बॉडी त्या खड्ड्यात खेचली जाई आणि पुली उभ्या दिशेने झुके. आडव्या दोऱ्याला हे दिसतच नाही. पापडी खरवडून, रेल घासून आणि स्टेनलेस स्टीलच्या दोन शिमा (पायाखाली भरायचे पत्रे) घालून तो पाय ०.०४ वर आणला. शिमा कमी आणि जाड असाव्यात. पातळ पत्र्यांची चळत घातली तर ती स्प्रिंगसारखी दबते.

बेअरिंग आणि पुली

पुलीकडचं बेअरिंग उघडलं. स्फेरिकल रोलर बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगमध्ये भार कुठे पडला ते त्यावरच्या डागांवरून वाचता येतं. नुसतं वजन असतं तर घासलेला डाग तळाला दिसला असता. इथे तो मोटारीच्या बाजूला सरकलेला होता, रुंद आणि मळकट, मध्ये बारीक खड्डे पडायला सुरुवात. म्हणजे ब्लोअरच्या वजनापेक्षा पट्ट्यांची ओढच बेअरिंगला जास्त खात होती. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या सव्वातीनच्या जवळपासच्या घाताने घटतं, नेमकं दहा तृतीयांशाने. भार पंचवीस टक्के वाढला तर आयुष्य निम्म्याखाली येतं. "जरा जास्तच ताण ठेवू, म्हणजे लवकर सैल होणार नाही" या विचाराची ही किंमत.

नवं बेअरिंग सी-३ क्लिअरन्सचं, म्हणजे आत नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक असलेलं, घेतलं. बसवण्याआधी फीलरने ती मोकळीक मोजली तर ०.०८५ मिमी, नट आवळत आवळत ०.०५० वर थांबलो. या मापाच्या टेपर बोअर (निमुळत्या भोकाच्या) बेअरिंगला ०.०३० ते ०.०४० ची घट लागते. नट हातोडीने ठोकून "बसला" म्हणायचं नाही, मोजायचं. हाऊसिंगमध्ये मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच ग्रीस. ग्रीस गनवर "सीलमधून बाहेर येईपर्यंत" अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, ती मॅडमनी तिथल्या तिथे काढली.

ब्लोअरची नवी पुली मुंबईच्या नागदेवी बाजारातून आधीच मागवून ठेवली होती, कॅटलॉगची, कड १२.५ मिमी. जुनी पुली उतरवण्याआधी तिच्या तोंडाला डायल लावून फिरवली होती तेव्हा ०.९ मिमी डुलत होती. व्यासाच्या हजारांशापर्यंत, म्हणजे इथे ०.३६ पर्यंत चालून जातं. कारण टेपर लॉक बुशमध्ये (पुली शाफ्टवर पक्की धरणाऱ्या निमुळत्या बाहीत) सापडलं. बुश आणि पुलीच्या मधल्या उतारावर रंग आणि ग्रीसचा थर होता. तिथे तेलाचा थेंबही नको, दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे हवेत. ग्रीस लावायचं ते शेवटी, रिकाम्या राहिलेल्या भोकांत, म्हणजे पुढच्या वेळी बुश काढताना आटे गंजलेले सापडत नाहीत. ३०२० बुशचे स्क्रू आळीपाळीने ९० न्यूटन मीटरपर्यंत आवळले, लाकडाचा ठोकळा ठेवून बुशवर हलके ठोके दिले आणि पुन्हा आवळले. दुसऱ्या वेळी स्क्रू थोडे फिरलेच. डुलणं ०.१२ वर आलं. पुली बेअरिंगच्या जितक्या जवळ नेता आली तितकी नेली, कारण बाहेर लोंबणाऱ्या प्रत्येक मिलिमीटरने शाफ्टवरचा वाक वाढतो.

आता दोन्ही पुल्यांची कड सारखी होती, त्यामुळे साधा दोरा चालला असता. तरी मामांना मी विषम कडांची पद्धत करून दाखवली, कारण उद्या पुन्हा कोणी पुली तासून आणेल. दोरा जास्त कडेच्या पुलीच्या तोंडाला टेकवायचा आणि दुसऱ्या पुलीवर दोन्ही कडांपाशी कडांमधल्या फरकाएवढी फट सोडायची. आमच्या जुन्या जोडीत ती फट ५.५ मिमी असायला हवी होती. खाचेत बसणारं लेझर असेल तर उत्तमच, पण पाच फुटी दोरा आणि व्हर्नियर यांनी हे काम पूर्ण होतं.

ताण मापाने दिला. मधल्या मोकळ्या अंतरावर मीटरला १६ मिमी या हिशेबाने पट्टा मध्यावर सुमारे १५ मिमी दाबायचा आणि त्यासाठी लागणारं बळ पट्ट्याच्या तक्त्याशी ताडायचं. नव्या पट्ट्याला वरच्या आकड्याच्या जवळ ठेवायचं. दोन्ही रेलचे बोल्ट पाव-पाव फेरा, आळीपाळीने. मागच्या बोल्टसाठी मामांनी घरच्या घरी एक आखूड पाना कापून वाकवून आणला होता, तो तिथे चपखल बसला. मग पुन्हा दोरा, पुन्हा फट, आणि मगच गार्ड.

नंतर

अर्धा तास चालवून थांबवलं, ताण पाहिला, थोडा वाढवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नवे पट्टे खाचेत बसताना पहिल्याच काही तासांत ढिले होतात. तेव्हाच दुरुस्त केलं नाही तर घसरण सुरू होऊन खाचेची भिंत घासली जाते. आकडे आले ते असे: वेग १०२९, बेअरिंग ५८ अंश, कंपन आडवं २.१, उभं १.६, शाफ्टच्या दिशेने १.९. ८२७ चं शिखर बघायला शोधावं लागलं. इंपेलरला हातही लावला नव्हता. बॅलन्सिंगवाल्यांना नको म्हणून कळवलं.

टाकीवरच्या पोरांना विचारलं तर हूडची ओढ वाढल्याचं त्यांनी स्वतःहून सांगितलं. पावसाळा सरला तेव्हा तेच पट्टे चालू होते. आवाज नाही, गार्डखाली भुकटी नाही.

दोन गोष्टी अजून व्हायच्या आहेत. शाफ्ट सीलमधली गळती तात्पुरती पन्हळ लावून रेलपासून बाजूला वळवली आहे, सील बदललेलं नाही. ते राहिलं तर शिमा असल्या तरी रेल पुन्हा खाल्ली जाईल. दुसरी गोष्ट शेजारच्या टाक्यांच्या ब्लोअरची. तोही तशाच मापाचा आहे आणि त्याचेही पट्टे लवकर जातात. मॅडमनी व्हर्नियर घेऊन त्याच्या पुलीची कड मोजली, ती साडेसतरा भरली. त्याच वर्कशॉपची पुली. नव्या पुलीची ऑर्डर गेली आहे, आणि ती येईपर्यंत मामांनी त्या ब्लोअरची लाईन पाच मिलिमीटर फट सोडून लावली आहे.